आधी ठकूबाईचं

"कुठली गं तू?" मी तिला विचारलं.

कोल्हापुरातल्या त्या मोठ्या दवाखान्यात अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर एकच लांब बाक होता. त्याच्या निम्म्या भागावर ही म्हातारी पाय वर घेऊन बसली होती. मी पिशवी टेकवायला जागा शोधत होते आणि ती हलायला तयार नव्हती.

"चंदगडच्या वरनं. धनगरवाड्यावरची. ठकूबाई."

"कोण आहे आत?"

"आत न्हाई. खाली हाय." तिनं बोटानं फरशी दाखवली. "ल्योक. फणसाच्या झाडावरनं पडला. काल आणला हितं. पहाटं गेला."

मग मीच पिशवी मांडीवर घेतली. अशा बाईला सरक म्हणायला माझीही जीभ धजली नाही, आणि माझी जीभ फारशी अडखळत नाही हे अख्ख्या गडहिंग्लजला माहीत आहे.

आत माझे मालक होते. महालिंगप्पा शेटे. मिरचीपेठेत त्यांच्या काट्यावर झालेलं वजन कुणी दुसरीकडे ताडून बघत नसे. आदल्या दिवशी संकेश्वरी मिरचीची पोती लावून घेत होते. हमाल असताना स्वतः थप्पीवर चढायची काय गरज होती? पण चढले. वरून आले ते डोक्यावरच. विरूनं, माझ्या मुलानं, जीपमध्ये घालून थेट इथं आणलं, कारण इथं आमची दानू होती.

"मग अजून का बसलीस?" मी ठकूबाईला विचारलं. "घेऊन जा की लेकाला."

"सोडत न्हाईत. पोलीस येनार, बघनार, मग सरकारी दवाखान्यात फाडनार, आन मग देनार म्हनं. वाड्यावर चुली बंद हायत, बाई. मढं उठल्याबिगर आमच्यात कुनी चूल पेटवत न्हाई. बारकी पोरं उपाशी बसली असतील." तिनं पदरानं नाक पुसलं. "हितं एक बाई हाय, खुर्चीवरची. तिनं आडवलंय. पाया पडले तिच्या. बोलती ग्वाड, पर सोडत न्हाई."

मी ताठ बसले. "ती बाई माझी लेक आहे."

म्हातारीनं माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. पाटल्या बघितल्या, इरकल बघितलं. तोंडातल्या तोंडात काही बोलली, ते बरं नसणार.

"असं बघू नकोस," मी म्हटलं. "उद्या कुणी उठून म्हणालं, पडला नाही, ढकलला, तर? पडून गेलेल्याचं सरकारला बघावंच लागतं. आणि पोलीस एक, मढी दहा. आमच्या पेढीवर ये कधी. आमदाराची मिरची आली तरी ज्याचं पोतं आधी उतरलं त्याचं वजन आधी. तसंच आहे हे."

"व्हय," ती म्हणाली. "तसंच असंल."

आणि खरं सांगायचं तर मला त्या दिवशी पहिल्यांदाच दानूचा अभिमान वाटला. तोवर नव्हता. दानेश्वरी शाळेत पहिली यायची. मला वाटलं डॉक्टरीण होईल. घरावर एक पाटी लावू, दारात पेशंटच्या चपला पडतील. तर ही पुण्याला गेली आणि दवाखाना चालवायचं शिकून आली. मी तिसरी शिकलेली बाई. मी विचारलं, "डॉक्टर औषध देतो, नर्स सुई देते, तू काय देतेस?" ती म्हणाली, "मी खाट देते, अव्वा. आणि खाटेवरची चादर धुतलेली आहे का बघते. प्राणवायू संपायच्या आत मागवते. कुणाला आधी आत घ्यायचं ते ठरवते." मी म्हटलं, "म्हणजे दिवाणजी. शेट्यांच्या घरात दिवाणजी पगारावर ठेवतात, होत नाहीत." मालक तेवढे हसले. म्हणाले, "दिवाणजी चांगला असेल तरच पेढी चालते, गिरिजा. मालक काय, नुसता तक्क्याला टेकतो." त्यांनीच तिची फी भरली होती, मला न सांगता. बापलेकीचं असलं बरंच काही मला न सांगता चालायचं.

दानू येताना दिसली. साधा पंजाबी ड्रेस, गळ्यात दवाखान्याचं ओळखपत्र, केसांचा घट्ट अंबाडा. वाटेत एका वॉर्डबॉयला थांबवून तिनं रिकामं स्ट्रेचर भिंतीला लावायला सांगितलं. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अव्वा, आत चल. विरूलाही बोलाव."

"एकालाच सोडतात ना आत?"

"आता दोघं चला," ती म्हणाली, आणि मला कळलं.

आत गेले तेव्हा त्यांची छाती यंत्राच्या तालावर हलत होती. ते त्यांचं श्वास घेणं नव्हतं. हे झोपेत घोरायचे, आणि मी चाळीस वर्षं त्यावरून भांडले होते. त्या खोलीत घोरणं नव्हतं. नर्सनं काढून ठेवलेलं त्यांच्या गळ्यातलं इष्टलिंग दानूनं स्वतः परत त्यांच्या गळ्यात घातलं. मी कपाळाला विभूती लावली. विरू रडत होता. डॉक्टरांनी थोड्या वेळानं मान हलवली आणि दानूनं त्यांच्याकडे बघून घड्याळ बघितलं. बाप गेला आणि पोरीनं घड्याळ बघितलं. ते मला फार लागलं.

पण रडायला वेळ नव्हता. इथं एक सांगायला हवं. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस जाळत नाहीत आणि आडवंही नेत नाहीत. गेलेल्या माणसाला मांडी घालून बसवतात, फुलांच्या विमानात बसवूनच गावातून नेतात आणि बसवूनच मूठमाती देतात. पूजेला बसल्यासारखं. माझा सासरा तसा गेला, माझा बाप तसा गेला. पण मांडी अंग उबदार आहे तोवरच घालावी लागते. एकदा ताठलं की ताठलं.

"विरू, जीप दाराला लाव," मी म्हटलं आणि त्यांच्या पायांवरची चादर बाजूला केली. उजवा पाय गुडघ्यात वाकवायला गेले तर दानूनं माझा हात धरला.

"अव्वा, हात लावू नकोस."

"माझा नवरा आहे तो."

"पंचनामा व्हायचाय. पडून गेलेत अप्पा. पोलिसांनी बघेपर्यंत जसे आहेत तसे ठेवायला लागतात."

"बघू दे की पोलिसांना. मांडी घातलेला माणूस त्यांना दिसत नाही का? गुडघ्यानं काय गुन्हा केलाय?"

"नाही, अव्वा."

"नुसती मांडी घालते. बाकी तुझं काय ते कर."

"नाही."

विरू म्हणाला, "दानू, एक फोन लाव की. इथं तर तुझंच राज्य आहे."

"पोलिसांना सकाळीच फोन केलाय, त्या आजींसाठी. आपल्यासाठी आत्ता करते." ती बापाच्या अंगावर चादर नीट ओढून बाहेर गेली. माझ्या हाताला ज्या ठिकाणी तिनं धरलं होतं तिथं तिची बोटं थंडगार लागली होती. तेवढं मला आठवतं.

मी परत त्याच बाकावर येऊन बसले. ठकूबाई आपण होऊन सरकली.

"गेलं?"

"गेले."

तिनं तिच्याजवळची पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. मी प्यायले. मग माझं तोंड सुटलं ते थांबेना. बसवून न्यायचं असतं, आता ताठणार, लोक काय म्हणतील, शेट्यांचा माणूस आडवा नेला म्हणतील. तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती. तिच्या लेकाचं नाव काय होतं तेही मी विचारलं नाही.

बऱ्याच वेळानं हवालदार आला. एकटाच, कागद काखेत मारलेला, पान खाल्लेला. दानूला बघून त्यानं टोपी सारखी केली.

"मॅडम, कळलं मला. वाईट झालं. मी काय म्हणतो, वडिलांचं आधी करून घेऊ. दोन पंच द्या, लगेच सही मारतो. तिकडं सरकारीत पण सांगून ठेवतो, गेल्या गेल्या घेतील. म्हणजे तुमचं वेळेत उरकेल. तुमच्यात बसवायला लागतं, मला माहिती आहे. आमच्या शेजारी आहेत तुमच्यापैकी."

मी उठून उभी राहिले. देवच आला असं वाटलं मला, पान खाऊन. "विरू, पंच बघ," मी म्हटलं.

"थांब, विरू," दानू म्हणाली. ती हवालदाराकडे वळली. "आधी ठकूबाईंचं करा. त्यांचं पहाटेपासून थांबलंय."

"अहो मॅडम, त्यांना काय घाई आहे? त्यांचं जाळायचं आहे."

"वाड्यावर चुली बंद आहेत त्यांच्या."

मी तिच्या जवळ गेले. हळूच बोलायचं ठरवलं होतं, पण ते मला कधी जमलं नाही. "दानू, कायदा मोड म्हणत नाही मी. कायदाच करतोय तो. नुसतं आधी आणि नंतर एवढाच फरक. तेवढं पण तुझ्या बापाला देत नाहीस?"

"अव्वा, अप्पांच्या काट्यावर..."

"काट्याचं नाव काढू नकोस! मिरची आहे का ती? बाप आहे तुझा."

तेवढ्यात ठकूबाई उठली. गुडघ्यावर हात टेकत आमच्यामध्ये आली. "बाई," ती दानूला म्हणाली, "करा त्यांचं आधी. आमचं काय, जाळायचं हाय. ताठलं तरी जळतंय. ह्या आक्कांचं बसवायचं ऱ्हाईल."

हवालदारानं दानूकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी झालं. समोरचीच सांगतेय म्हटल्यावर कोण नाही म्हणेल?

दानूनं म्हातारीचे दोन्ही हात धरले. "आजी, सकाळी तुम्ही माझ्या पाया पडलात तेव्हा मी काय म्हटलं तुम्हाला? नंबरानं होईल म्हटलं. कुणाचंही असू दे, नंबरानंच. आता माझंच आलं म्हणून तुम्ही मागं सरणार. सरणारच तुम्ही. मी खुर्चीवर आहे, तुम्ही बाकावर." तिचा आवाज एवढा बारीक झाला होता की पुढचं मला ओठांवरून वाचावं लागलं. "उद्या या दारात दुसऱ्या कुणाला मी कोणत्या तोंडानं थांबवू? हवालदारसाहेब, चला. खाली. ठकूबाईंचं आधी."

"मग एक ऐक," मी म्हटलं. माझा आवाज त्या मजल्यावर सगळ्यांनी ऐकला. "त्यांना बाप म्हणू नकोस. आणि शेट्यांच्या उंबऱ्याला पाय लावू नकोस. दिवाणजी आहेस, दिवाणजीच राहा. परक्याची."

तिनं मान हलवली. दुकानात सांगितलेलं काम कळलं म्हणून मान हलवावी तशी. आणि हवालदाराला घेऊन जिन्यानं खाली गेली.

ठकूबाईच्या लेकाला उचललं तेव्हा मी खिडकीतून बघितलं. टेम्पोत घोंगडी पसरली होती. म्हातारी चढताना थांबली, वर बघून तिनं मला हात जोडले. मी खिडकी सोडली.

मग आमचं. मग सरकारी दवाखाना, आणि तिथंही ठकूबाईच्या लेकामागं आम्हीच. तिथल्या शवविच्छेदनाच्या खोलीबाहेर ऊन कलताना मी बसले होते. मालकांना आणून जीपमध्ये ठेवलं तेव्हा पायांचे अंगठे एकमेकांना पट्टीनं बांधले होते. सरळ. काठीसारखे. मी पट्टी सोडली. पाय तसेच राहिले.

गडहिंग्लजला आमच्या दारात विमान सजवून तयार होतं. केळीचे खांब, झेंडूच्या माळा, आत बसायला पाट आणि पाठीला तक्क्या. भावकी जमलेली, स्वामी आलेले. कुणी तरी म्हणालं, कोमट पाणी घाला, सांधे सैल होतात. पाणी घातलं. तेल लावलं. विरूनं खांदे धरले, चुलत दिरांनी एक गुडघा धरला आणि जोर दिला.

मला तो आवाज आजही सांगता येत नाही.

"आणखी एकदा," दीर म्हणाले. "वैनी, तुम्ही आत जा. जरा जोर लावला की होईल. होतं सगळ्यांचं."

ते पुन्हा वाकले. मी त्यांचा हात बाजूला केला.

"पुरे. मोडू नका त्यांना."

"वैनी, मग बसवायचं कसं?"

"नाही बसवायचं."

स्वामी म्हणाले, "आई, शास्त्र..."

"शास्त्राला सांगा गिरिजव्वानं नाही म्हटलं. माझ्या माणसाचे पाय आहेत. चाळीस वर्षं या पायांवर मी डोकं ठेवलंय. मी मोडू देणार नाही."

कुणी विमानातला पाट काढला. कुणी शेजारच्या गल्लीतून बांबू आणले. त्या दारातून आजवर कुणी आडवं गेलं नव्हतं. भावकीतल्या बायका पदर तोंडाला लावून कुजबुजत होत्या आणि त्यातलं एक नाव मला सारखं ऐकू येत होतं. दानूचं.

ती आली होती. समोरच्या किराणा दुकानाच्या कट्ट्याशी उभी होती, सकाळच्याच कपड्यात. रस्ता ओलांडून आली नाही. उंबऱ्याला पाय लावू नकोस म्हटलं होतं ना मी. बाप दारातून बाहेर आला तेव्हा ती तिथूनच वाकली आणि मग सगळ्यांच्या मागून चालायला लागली.

रुद्रभूमीत दुपारपासून खड्डा तयार होता. आमचा खड्डा कसा असतो, चौकोनी, खोल, माणूस मांडी घालून बसेल एवढा. खणणाऱ्यांनी तिरडी बघितली आणि एकमेकांकडे बघितलं. त्यांच्यातला जाणता होता तो म्हणाला, "मालकीणबाई, ह्यात कसं जमायचं? लांब करायला लागंल."

"मग करा."

"किती लांब?"

कुणाला सांगता येईना. एक जण म्हणाला साडेपाच फूट, दुसरा म्हणाला नाही, महालिंगप्पा उंच होते. एकानं माप घ्यायला म्हणून तिरडीची सुतळी सोडायला हात घातला तर स्वामींनी अडवलं, "मयताला दोरी लावू नका." मग सगळे नुसते खड्ड्याकडे बघत उभे राहिले. दीर मोठ्यानं म्हणाले, मला ऐकू जावं म्हणून, "पोरीनं वेळेत सोडलं असतं तर बापासाठी खड्डा खरवडायची पाळी आली नसती."

मागून गर्दी बाजूला झाली. दानू पुढं आली. दिरांकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही. चपला काढल्या. त्या चौकोनी खड्ड्याच्या कडेला, उकरलेल्या तांबड्या मातीवर ती सरळ आडवी झाली. हात अंगाशी घेतले, टाचा जुळवल्या.

"माझ्याएवढेच होते अप्पा," ती खणणाऱ्याला म्हणाली. "इथून खूण करा."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यानं तिच्या डोक्याजवळ कुदळीनं एक रेघ मारली, मग पायाशी येऊन दुसरी मारली. "झालं, ताई," तो म्हणाला. "उठा आता."

ती उठली नाही.

डोळे उघडेच होते, वर आभाळाकडे. मग तिची हनुवटी थरथरायला लागली. तोंड मिटलेलंच होतं, पण आतून काही तरी धडका देत होतं आणि तिचं सगळं अंग त्या मातीवर हलत होतं. मग ते तोंडातून बाहेर पडलं. सकाळपासून पहिल्यांदाच. लहानपणी ताप चढला की ओरडायची तसं, "अप्पा."

विरू तिला उठवायला वाकला. दीर म्हणाले, "उचला तिला. दिवस बुडाला. अंधारात माती देतात का कुठं?" खणणाऱ्यानं कुदळ उचलली.

"थांबा," मी म्हटलं.

"वैनी, आधीच उशीर..."

"थांबा म्हटलं ना! कुदळ खाली ठेव रे."

मी तिच्या डोक्याशी मातीत बसले. गुडघे धरत, लुगड्याचा विचार न करता. तिच्या अंबाड्याखाली ढेकळं टोचत होती, तिथं माझा हात घातला.

"कुणी हात लावू नका तिला," मी सगळ्यांना म्हटलं. "रडून होऊ दे तिचं."